संध्याकाळचं पोतं

‘संपलं’ हा शब्द त्यांच्या दुकानात उच्चारायला मनाई होती. साखर संपली की ‘साखर वाढली’ म्हणायचे. तेलाचा डबा तळाला गेला की ‘तेल उद्या येतंय’ म्हणायचे. एखाद्या नवख्या गिऱ्हाइकाने ‘संपलं का हो?’ असे विचारलेच, तर ते चष्म्यावरून त्याच्याकडे असे बघत, की जणू त्याने चपला घालून देवघरापर्यंत मजल मारली असावी. मंठ्यात मी ज्या खोलीत दोन वर्षे भाड्याने राहिले, तिच्या बरोबर खाली हे किराणा दुकान होते आणि दुकानदार हेच माझे घरमालक. गाव त्यांना मामा म्हणे, मी काका म्हणे आणि ते मला ‘मॅडम’ म्हणत. त्या ‘मॅडम’मध्ये आदराचे प्रमाण किती आणि थट्टेचे किती, याचे पृथक्करण मला शेवटपर्यंत जमले नाही. पृथक्करण हा तर माझा व्यवसाय होता.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी तिथल्या एका खासगी माती परीक्षण केंद्रात लागले होते. माझ्या दृष्टीने ती नोकरी म्हणजे प्रतीक्षालयातले बाकडे होते. पीएच.डी.च्या प्रवेशासाठी मी पुण्यात अर्ज केला होता आणि बोलावणे आले की उठायचे, एवढाच माझा मंठ्याशी करार होता. केदारखेड्यातल्या शेतकऱ्याच्या घरातून इथवर येताना मी एक गोष्ट पक्की शिकले होते: ज्याच्याकडे माहिती आहे, त्याने कळपाबरोबर धावायचे नसते. कळप हा शब्द तेव्हा मी सहज वापरत असे. काका तो वापरताना फार जपून वापरत, कारण त्यांनी कळप पाहिला होता.

त्यांचे वडील आणि आजोबा मेंढरे राखत. स्वतः काका वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मेंढरांमागे हिंडले होते. पुढे गुडघा अधू झाला, मेंढरे विकली आणि त्या पैशांतून दुकान उभे राहिले. मेंढरे गेली, पण घोंगडी राहिली. ती गादीऐवजी बैठकीवर अंथरलेली असे, भर मे महिन्यातसुद्धा.

“काका, गरम होत नाही का?” मी पहिल्याच उन्हाळ्यात विचारले होते.

“मेंढराला विचारलं का तुम्ही कधी?” ते म्हणाले.

गिऱ्हाइकांचे त्यांनी दोन वर्ग केले होते: चरणारी आणि बुजणारी. चरणारे गिऱ्हाईक शेंगदाणा तोंडात टाकते, डाळ तळहातावर घेऊन बघते, काकूंची चौकशी करते आणि लागेल तेवढेच नेते. बुजणारे दारातूनच ‘आहे का?’ असे विचारते. “‘द्या’ म्हणणारा गिऱ्हाईक. ‘आहे का’ म्हणणारा बुजलेला,” असे त्यांचे निदान असे. मी ते त्या काळात गमतीने वहीत लिहून ठेवले होते. वर्गीकरण म्हणून ते माझ्या केंद्रातल्या मातीच्या तक्त्यापेक्षा वाईट नव्हते.

बुजलेल्या कळपाबद्दल त्यांनी मला एकदा परीक्षाच घेतल्यासारखे विचारले होते.

“शंभर मेंढरं बुजली. पुढं खोल ओढा हाय. काय करसाल?”

“अडवीन. आडवी जाईन, काठी आपटीन.”

“मंग शंभरच्या शंभर वढ्यात. मॅडम, बुजलेल्याला अडवायचं न्हाई. थोडं पुढं जाऊन बसायचं. फडकं सोडायचं, भाकर काढायची अन् निवांत खायची. मेंढरू बघतं, ह्या माणसाला घाई न्हाई. म्हंजे लांडगा न्हाई. मंग एकेक जण मान खाली घालतं.”

“आणि मुळात बुजतात कशाने? आवाजाने?”

“आवाज रोजच ऱ्हातो. मेंढरू स्वतःच्या अकलेनं बुजत न्हाई. कळपात दोन-चार शेळ्या ठिवतात, पुढं चालाया. गळ्यात घंटी. मेंढरू तिचं बघून चालतं. शेळी हुशार असती, तिला सगळ्याच्या आधी कळतं. मंग ती उडी मारती. खरं कळू दे का खोटं, उडी मारती. अन् मागं घंटीच्या आवाजावर सगळा कळप.”

मी हसले. शेळीच्या बुद्धिमत्तेबद्दल मला तेव्हा काही वैयक्तिक आक्षेप नव्हता.

लोक जत्रेला जातात तसे काका रांगा बघायला जात. ट्रकवाल्यांच्या संपाची बातमी आली आणि पेट्रोल मिळणार नाही अशी आवई उठली, त्या दिवशी ते दुकान काकूंवर सोपवून एस.टी.ने थेट शहागडला गेले. त्यांच्याकडे सायकलसुद्धा नव्हती. मंठ्यातल्या पंपावर रांग होतीच, पण हमरस्त्यावरची रांग मोठी असणार, हे त्यांचे तर्कशास्त्र. संध्याकाळी परतले ते तृप्त चेहऱ्याने.

“काय पाहिलंत?” मी विचारले.

“पुलापोतर रांग. मी एकेक फटफटीच्या टाकीवर बोट वाजवत गेलो. रिकामी टाकी घागरीसारखी वाजती, भरलेली मुकी ऱ्हाती. निम्म्या मुक्या व्हत्या.”

“कोणी काही म्हणाले नाही?”

“एक जण म्हणला, काय करून राह्यले बाबा? मी म्हणलं, तुझी भरलेली हाय की. तो म्हणला, माहिती हाय, पण सगळे थांबलेत ना.”

हे वाक्य ते पुढे महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते आणि प्रत्येक गिऱ्हाईक पोट धरून हसत होते. त्यातले बरेच जण त्या दिवशी मंठ्यातल्या पंपावर उभे होते, हे काकांना माहीत होते. तेही हसत.

टाळेबंदीची घोषणा झाली त्या संध्याकाळच्या कथा काकू सांगत. मी तेव्हा मंठ्यात नव्हते. एका प्रतिष्ठित गृहस्थाने शेवयांचे अठरा पुडे नेले. त्याच्या घरात शेवया कोणी खात नसे; रांगेत त्याची पाळी आली तेव्हा फळीवर तेवढेच उरले होते आणि रिकाम्या हाताने परतणे त्याच्या प्रतिष्ठेला परवडणारे नव्हते. दुसऱ्याने उंदीर मारायच्या औषधाची सगळी पाकिटे घेतली. “उंदीर कधी येतील ते सांगता येत न्हाई,” असे तो म्हणाला होता म्हणे.

आता त्या पोत्याविषयी सांगायला हवे.

दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात, तराजूच्या मागे, एक पोते कायम उभे असे. त्याच्या तोंडाला लाल चिंधी बांधलेली असे. गावात ज्या वस्तूची घाई सुटेल, ती वस्तू त्या पोत्यात भरून ठेवायची आणि दिवेलागणीपर्यंत चिंधी सोडायची नाही, असा काकांचा नियम होता. कधी त्यात डाळ असे, कधी साखर. एरवी खडेमीठ. दिवसा कोणीही येवो, आमदाराचा माणूस येवो, ते पोते सुटत नसे. ‘संध्याकाळचं पोतं’ एवढेच त्याचे नाव.

या नियमामागचे कारण मला समजायला सहा महिने लागले, कारण मी केंद्रातून उशिरा परतत असे. एकदा लवकर आले आणि पाहिले. दिवस मावळला की दुकानाचे गिऱ्हाईक बदलते. कापूस वेचून आलेल्या बाया, वीटभट्टीवरची माणसे, हमाल. दिवसाची मजुरी त्यांच्या हातात दिवस बुडाल्यावर पडते आणि त्यातूनच त्या रात्रीचा स्वयंपाक उभा राहतो. पाच रुपयांचे मीठ, दहाचे तेल, चहाची पुडी. साठा करणे त्यांच्या कल्पनेतही बसत नाही, कारण उद्याचे पैसे उद्या येणार. तुटवड्याच्या शर्यतीत ही माणसे नेहमी शर्यत आटोपल्यावर मैदानावर पोहोचतात. काकांनी त्यांच्यासाठी एक पोते मागे उभे केले होते, बस. याबद्दल त्यांनी कधी भाषण केले नाही. विचारले तर म्हणत, “सकाळच्यांना फळी हाय, संध्याकाळच्यांना पोतं.”

मिठाचा दिवस उजाडला तो माझ्या फोनवर. सकाळी सातला आमच्या घरच्या ग्रुपवर मावशीचा निरोप आला: कुठल्याशा किनाऱ्यावरची मिठागरे वाहून गेली, आता मीठ मिळणार नाही, पुढे पाठवा. देशाच्या किनाऱ्याची लांबी आणि मिठाचे रसायनशास्त्र या दोन्हींची मला थोडीफार कल्पना होती. निरोप खोटा आहे, हे ठरवायला मला दहा सेकंद लागले. पण पुढच्या दहा सेकंदांत मी दुसरी पायरी गाठली. अफवा खोटी आहे. परंतु लोक ती खरी मानतील. सगळे एकदम मीठ घेतील. त्यामुळे आठवडाभर मीठ खरोखरच मिळणार नाही. म्हणून सगळ्यांच्या आधी घेणे, हाच विवेकी निर्णय. हा युक्तिवाद मला इतका निर्दोष वाटला, की दात घासता घासता मी स्वतःवर खूश झाले.

साडेसातला दुकान उघडत होते. काका घोंगडी झटकत होते. समोरच्या सलूनच्या बाकावर तिघे-चौघे वर्तमानपत्राची पाने वाटून घेऊन बसले होते.

“काका, मिठाचे पाच पुडे द्या.”

“पाच?”

“केंद्रात लागतात. क्षारांच्या चाचणीला.”

“खायचं मीठ?”

“हो.”

“आयोडीनवालं?”

रसायनशास्त्राच्या पदवीधराला किराणा दुकानदाराने विचारलेला तो सर्वांत अवघड प्रश्न होता. “चालते,” मी म्हणाले.

काकूंनी पाचही पुडे एका जाळीच्या पिशवीत भरून दिले. मी ती घेऊन बाहेरच्या जिन्याने वर गेले, पुडे खाटेखाली सरकवले आणि रिकाम्या हाताने कामावर निघाले. प्रयोगशाळेसाठी घेतलेले मीठ माझ्या खोलीत का गेले, हे काकांनी विचारले नाही. त्यांनी फक्त चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

दुपारी जेवायला परतले तर गल्लीत शिरता येईना. दुकानासमोर शे-दीडशे माणसे होती. जो तो ‘आहे का, आहे का’ असे ओरडत होता आणि काकू पुडे हातोहात देत होत्या. मला वाटले, इथे व्यवस्थापनाची गरज आहे. समान वाटप झाले तर घबराट ओसरते, हे मी कुठेतरी वाचले होते. वर जाऊन मी एका पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत फलक लिहिला: ‘साठा मर्यादित. प्रत्येक ग्राहकास फक्त दोन पुडे. सहकार्य करावे.’ आणि तो काकांना न विचारता दुकानाच्या खांबाला टांगला.

फलकाचा परिणाम तत्काळ झाला. एक पुडा मागणारे दोन मागू लागले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका माणसाने फोन लावला. “अगं ऐक, दोघी सुनांना घेऊन ये. आन आईलाबी आण. न्हाई, झोपू देऊ नको, उठव तिला. माणशी दोन देऊन राह्यलेत.”

पाच मिनिटांत गर्दी दुप्पट झाली. त्यात काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्या होत्या, कडेवरची पोरे होती. एका बाईने आपल्या तान्ह्याच्या नावाने दोन पुडे मागितले, तेव्हा काकूंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी विसरलेले नाही.

काकांनी फलक वाचला. “हे काय लिहिलं मॅडम?”

“समान वाटप व्हावे म्हणून.”

“तुम्ही तर ‘संपलं’ लिहिलं.”

“मी तो शब्द कुठे लिहिलाय?”

“तोच लिहिला की. लांबवून लिहिला.”

साडेतीनपर्यंत फळीवर नऊ पुडे उरले. तेवढ्यात गर्दीतल्या एका निवृत्त गुरुजींची नजर कोपऱ्यातल्या लाल चिंधीवर गेली. गुरुजी मोठे व्यासंगी गृहस्थ. गावात सामाजिक प्रश्नांवर बोलायला त्यांनाच बोलावत.

“मामा, ते पोते कशाचे?”

“मिठाचं.”

“मग सोडा की!”

“ते संध्याकाळचं हाय.”

“संध्याकाळचं म्हणजे? माल डोळ्यांसमोर असताना लोकांना नाही म्हणायचे, याला साठेबाजी म्हणतात. मी तहसीलला तक्रार करीन.”

“करा की गुरुजी,” काका म्हणाले. “जाताना स्कूटरीवर जासाल. डिक्कीतलं मीठ काढून ठिवा आधी, स्कूटर मागं झुकून राह्यली.”

लोक हसले, पण मागे सरले नाहीत. उलट ‘साठेबाज’ हा शब्द मागच्या मागच्या रांगांत पोहोचत गेला आणि पोहोचताना मोठा होत गेला. ‘सोडा पोतं! सोडा पोतं!’ असा घोष सुरू झाला. पुढच्यांना मागच्यांनी रेटले, फळकूट हलले, गोळ्यांची बरणी खाली येऊन फुटली. काकूंनी पोत्याचे तोंड दोन्ही हातांनी घट्ट धरले. मी मनात हिशेब केला: पोत्यात पन्नास किलो, ही गर्दी ते वीस मिनिटांत उडवील, वेचणीच्या बाया साडेसहाला येतील. म्हणजे त्या अडीच तास उशिरा पोहोचणार होत्या. त्या दिवशी त्यांच्या भाजीत मीठ पडायचे असेल, तर ते पोते टिकायला हवे होते आणि ते टिकण्याची शक्यता मला शून्याच्या जवळ दिसत होती.

काका उठले. घोंगडी काखेत मारून ते फळकुटाखालून वाकून बाहेर आले, दुकानाच्या पायरीवर घोंगडी अंथरली आणि ऐन गर्दीच्या पुढ्यात मांडी घालून बसले.

“ए, माझी भाकर दे गं,” त्यांनी आत हाक मारली. “अन् एक कांदा.”

काकूंनी एका हाताने पोते धरून दुसऱ्या हाताने फडके पुढे केले. काकांनी कांदा बुक्कीने फोडला. पहिला घास घेतला. चावला. दुसरा घेतला. घोष चालूच होता, पण जेवणाऱ्या माणसाच्या डोक्यावर उभे राहून ओरडायला पुढच्या रांगेला अवघड वाटू लागले.

“मामा, काय करून राह्यले?”

“जेवून राह्यलो. सकाळपासून टाइमच भेटला न्हाई.”

“अन् मीठ?”

“हाय ना. कुठं जातंय?” मग ते माझ्याकडे वळले. “मॅडम, तुमचं अक्षर ब्येस हाय. तो पुठ्ठा पलटा अन् मागून लिहा: पाच पुड्यांवर एक पुडा फुकट.”

मी वाकून त्यांच्या कानाशी म्हणाले, “काका, आत फक्त नऊ पुडे आहेत!”

“तुम्हाला लिहाया सांगितलं, इकाया न्हाई.”

मी लिहिले. फलक वर चढला. काकांनी भाकरीचा तुकडा हातात धरूनच आवाज चढवला. “घ्या बाप्पा, घ्या! ते पोतं बी न्या. कोणी अख्खं न्या, घरी पोचवून देतो. मागल्या पावसाळ्यापासून पडून हाय. असं गिऱ्हाईक रोज कुठं घावतंय?”

गर्दीवर पहिल्यांदाच शांतता पसरली. ती समाधानाची नव्हती.

“फुकट?” कोणीतरी म्हणाले. “का बरं?”

“वल्लं झालं असंल.”

“मागल्या पावसाळ्याचं हाय म्हंतो ना तो.”

“मी म्हणलंच व्हतं, येवढं हातोहात देऊन राह्यलेत, काहीतरी भानगड हाय.”

गुरुजींनी स्वतः आत जाऊन पोत्याच्या शिवणीतून सांडलेला एक खडा उचलला, जिभेला लावला, डोळे मिटले आणि निर्णय दिला: “याला वास येतोय.”

मिठाला वास नसतो. हे त्या गल्लीत अधिकाराने सांगू शकणारी एकमेव व्यक्ती मी होते आणि आयुष्यात प्रथमच मी ज्ञान स्वतःपाशी ठेवले.

मागची रांग आधी विरली. मग पुढच्यांना आपल्या मागे कोणी रेटत नाही, हे जाणवले आणि त्यांनाही घरची कामे आठवली. अर्ध्या तासात गल्ली मोकळी झाली. पाचच्या सुमारास तर काही जण सकाळचे पुडे परत द्यायला आले. काकांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवले: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ ती एवढी वर्षे कोणी वाचली नव्हती.

पुढे काही महिन्यांतच मला पुण्याचे बोलावणे आले आणि मी ठरल्याप्रमाणे बाकड्यावरून उठले. काका गेल्याचे काकूंनी फोनवर कळवले, त्याला आता दोन वर्षे होतील. तेरा दिवस दुकान बंद होते. चौदाव्या दिवशी उघडले तर दारात ही गर्दी! दुकान कायमचे बंद होणार, असे कोणीतरी उठवले होते. “निम्मं दुकान खाली केलं माणसांनी,” काकू म्हणाल्या आणि फोनवर हसता हसता रडल्या. पोत्याचे काय झाले, असे मी विचारले. “त्याला कोण हात लावंल?” त्या म्हणाल्या.

पण मिठाचा तो दिवस मी अजून पुरा सांगितलेला नाही.

गल्ली मोकळी झाल्यावर मी बरणीच्या काचा झाडत होते. राहवेना म्हणून विचारले, “काका, कोणी खरेच अख्खे पोते मागितले असते तर?”

“मंग दिलं असतं. जबान दिल्ती ना.”

“आणि मग संध्याकाळी?”

“मंग तुमचे पाच पुडे खाली मागवले असते.”

केरसुणी माझ्या हातात तशीच राहिली. काका तराजूचे पारडे पुसत होते. त्यांनी वर पाहिले नाही. मी वर गेले, खाटेखालून जाळीची पिशवी काढली आणि खाली आणून त्यांच्यासमोर ठेवली.

“झाला का प्रयोग, मॅडम?”

“झाला.”

“काय निघालं?”

“परत घ्या,” मी म्हणाले.

त्यांनी भिंतीवरच्या त्याच पाटीकडे बोट दाखवले. मग घोंगडी थोडी सरकवली. “इथं बसा. पाचबी पुडे फोडा अन् पुड्या बांधा. आज संध्याकाळचं गिऱ्हाईक जास्ती येणार, सकाळी बुजल्याली पळाली तरी घंटी लांब ऐकू जाती.”

घंटीचा उल्लेख मला त्या क्षणी समजला नाही. मी बसले. वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्याचा द्रोण करायचा, मीठ भरायचे, टोक आत दुमडायचे. काकू डोळे मिटून करत. माझी पहिली पुडी उलगडली, दुसरी फाटली. मी मान खाली घालून तिसरीशी झगडत होते तेव्हा दिवे लागले. काकूंनी लाल चिंधी सोडली.

साडेसहाला वेचणीच्या बाया आल्या. सगळ्यांत पुढे सुमनबाई. तिच्या पदराला अजून कापसाचे तंतू चिकटलेले होते. ती काही रोज मला पाहणाऱ्यांतली नव्हती; मी परतायच्या आत ती सामान घेऊन गेलेली असे.

“मामा, पाच रुपयाचं मीठ द्या. हाय ना?”

काकांनी मान वर केली. सुमनबाई ‘द्या’ म्हणणारी बाई होती. ‘हाय ना’ तिच्या तोंडून त्यांनी कधी ऐकले नसावे.

“हाय की. का गं?”

“वाटानं ऐकलं, मीठ बंद झालं म्हणं. मी म्हणलं, उगी उठवलं असंल कोणी. तर ह्या म्हणतात,” तिने मागच्या बाईकडे अंगठा केला, “न्हाई, खरं हाय. तुमच्या माडीवर ती मातीवाली मॅडम ऱ्हाती ना? तिनं सकाळी सकाळी पाच पुडे नेले म्हणं जाळीच्या पिशवीत. सलूनवर बसल्याल्यांनी बघितलं, तिथून गावभर झालं. तिला मातीतलं कळतं, तर मिठातलं न्हाई कळणार का? येवढी शिकल्याली बाई. ती उगी कशाला नेईल?”

काकू पोत्यात माप बुडवून थांबल्या. काका एका शब्दाने सांगू शकले असते. सकाळी साडेसातपासून त्यांना ते माहीत होते; शे-दीडशे माणसे दारात ओरडत असताना, बरणी फुटताना, मी मोठ्या तोऱ्यात समान वाटपाचा फलक टांगत असतानाही. माझ्या गळ्यात काहीतरी वाजते आहे, असे मला स्पष्ट जाणवले.

“काय न्हाई बंद झालं,” काका सुमनबाईला म्हणाले. “उद्याबी हाय, परवाबी हाय. पाचाचंच ने.”

मी हातातली पुडी तिच्यापुढे धरली. टोक नीट दुमडले नव्हते. मीठ तिच्या तळहातावरून पायरीवर सांडले.

“सांडून राह्यलं की बाई!” तिने पुडी माझ्या हातून काढून घेतली, दोन बोटांनी टोक आत सारले आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. “नीट बांधावं जरा. नवी ठिवली का मामा हिला?”

“हां, नवीच हाय,” काका म्हणाले. “शिकून राह्यली.”